तू नाही म्हणाली नव्हतीस

विमल,

प्रज्ञा काल सकाळच्या बसने पुण्याला गेली. जाण्याआधी तिने फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला. सकाळची गोळी, रात्रीची गोळी, गॅसवाल्याचा नंबर, शेजारच्या सोनवणे वहिनींचा नंबर. अक्षर तुझ्यासारखंच आहे, जरा उजवीकडे कललेलं. बॅग उचलून दारात उभी राहिली, माझ्या पाया पडली आणि गेली.  गेले पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. का, ते तुला सांगायला बसलोय. तुला सोडून सगळ्यांना सांगून झालंय.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. येणारा प्रत्येक जण म्हणतो, सर, मोकळे व्हा. मी मान हलवतो. सोनवणे वहिनींनी कळण्याची भाकरी आणि भरीत पाठवलं होतं. मी ते खाल्लं, ताट धुतलं आणि दुपारी त्यांनी विचारलं, मिरची जास्त झाली होती का, तर मला आठवेना. हात चालतात, पाय चालतात. दूध उतू जायच्या आत गॅस बंद होतो. पेन्शनच्या बँकेतला माणूस म्हणाला, मॅडमचं प्रमाणपत्र आणा, तर मी ते नेऊन दिलं आणि त्याची झेरॉक्सही काढून ठेवली. हे सगळं करणारा कोण आहे ते मला नीटसं माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी तुझ्यावर पेपरात आलं. अर्धा कॉलम आणि तुझा तो निरोप समारंभातला फोटो. एरंडोलचा जन्म, शेतमजुराच्या घरातली पहिली शिकलेली मुलगी, केळीच्या रोगांवर आयुष्यभर काम. ते सगळं बरोबर होतं. शेवटी एक वाक्य होतं: ‘निवृत्तीनंतर परराज्यातून आलेली मोठी संधी नम्रपणे नाकारून त्यांनी खान्देशातल्या शेतकऱ्यांसाठी घरीच राहणे पसंत केले.’ मी ते दोनदा वाचलं. पेपरची घडी घातली आणि टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवली. त्या दिवशी मी एवढंच केलं.

तू नाकारलं नव्हतंस, विमल. तुला कोणी विचारलंच नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, पण ते मला.

आधी आपल्या भांडणाबद्दल बोलतो, कारण ते अर्धवटच राहिलं. तू निवृत्त झालीस त्याच्या आधी चार वर्षं मी शाळेतून निवृत्त झालो होतो. त्या चार वर्षांत मी घराला रंग लावून घेतला, गच्चीवर पत्रे टाकले, मागच्या दाराला जाळी बसवली. तू विचारायचीस, हे सगळं कशासाठी? मी म्हणायचो, तू येशील तेव्हासाठी. तू हसायचीस, कारण तू तर रोज संध्याकाळी घरी यायचीस. पण मला काय म्हणायचं होतं ते तुला कळत होतं. आपल्या लग्नाची पहिली सात वर्षं तू धुळ्याला आणि मी जळगावला. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी बस धरायचो. तुझ्या घरमालकीण अक्का मला बघून आत हाक मारायच्या, “विमल, तुना नवरा उना.” आपण आठवडाभर वेगळे राहतो त्यावरून एकदा त्या मला थेटच म्हणाल्या, “सर, तुमी बठ्ठा आठवडा तठे, ई आठे. हाऊ कसा संसार शे?” आपण दोघं तेव्हा खूप हसलो. परतीच्या बसमध्ये मला हसू येत नव्हतं. मग तुझी पीएच.डी., ती तीन वर्षं प्रज्ञाची वेणी मी घातली, वाकडी घातली. त्याचं मला काही वाटलं नाही. खरंच नाही. मला वाटायचं, हे सगळं एका तारखेला संपणार आहे.

ती तारीख आली. तुला शाल मिळाली, तो फोटो निघाला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कप चहा करून गच्चीवर नेला आणि तू पेपरची जाहिरातींची पानं घेऊन वर आलीस. हातात लाल पेन होतं.

मी विचारलं, काय शोधतेस? तू म्हणालीस, काम. मी म्हणालो, अगं, कालच तर संपलं. त्यावर तू जे म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतं: “नोकरी संपली हो. मला जे येतं ते थोडंच संपलं?”

आपलं भांडण हे एवढंच. पुढे दोन वर्षं ते वेगवेगळ्या निमित्तांनी चालू राहिलं, पण त्याच्या मुळाशी हे एक वाक्य होतं.  

निवृत्त शास्त्रज्ञाला काम शोधावं लागतं म्हणजे काय, हे मी तुझ्यामुळे पाहिलं. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांचा अनुभव, लोक दारात येतील. आले ते वेगळेच. एका औषध कंपनीला तुझं फक्त नाव हवं होतं, पत्रकावर छापायला. एक जण विमा कंपनीच्या पाहणीसाठी आला, त्याला नुकसान कमी दाखवणारा माणूस हवा होता, हे त्याने दुसऱ्या वाक्यातच सांगितलं. तू त्याला पाणी दिलंस आणि वाटेला लावलंस. धुळ्याला तासिका तत्त्वावर शिकवायला मिळेल असं कळलं. तू अर्ज केलास, तर समोरच्या मुलीने वय विचारलं आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही आराम करायचा ना आता.

मग ती ऊतिसंवर्धनाची कंपनी. रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवून विकणारी. तुला सल्लागार म्हणून घेतलं, टेबल दिलं, दारावर पाटी लावली. महिन्यातून चार दिवस जायचं होतं. तू पहिल्याच दिवशी विचारलंस, मातृवृक्ष कुठून आणता, त्यांची विषाणूची तपासणी कधी झाली. ते म्हणाले, दाखवू. दुसऱ्या महिन्यात विचारलंस, ते म्हणाले, दाखवू. तिसऱ्या महिन्यात तू स्वतःच हरितगृहात गेलीस आणि पाच रोपांची पानं पिशवीत घालून घरी आणलीस. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली पान धरून तू मला बोलावलंस. पानावर फिकट पिवळे पट्टे होते. तू म्हणालीस, हा हरण्या आहे, विषाणूचा रोग. ज्या शेतकऱ्याकडे ही रोपं जातील त्याचा अख्खा बाग पिवळा पडेल. मी म्हणालो, मग रोपांच्या प्रमाणपत्रावर सही करू नकोस. तू म्हणालीस, सही तर करणारच नाही, पण हे त्यांना लेखी देणार. दिलंस. चौथ्या महिन्यात त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं आणि पाटी काढली.

तुला वाईट वाटलं होतं. मला, आता खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं. मला वाटलं आता तू थांबशील.

तू थांबली नाहीस. प्रज्ञाने तुला निवृत्त शास्त्रज्ञांची ती वेबसाइट शोधून दिली. तिथे नाव नोंदवायचं, कोणाला गरज असली की ते बोलावतात. फॉर्म भरायला तू मला शेजारी बसवलंस, कारण तुझा चष्मा दुरुस्तीला गेला होता. मी वाचत होतो, तू सांगत होतीस, मी टाइप करत होतो. शिक्षण, संशोधन, प्रबंध. मग प्रश्न आला, किती वेळ देऊ शकता. तू म्हणालीस, पूर्ण वेळ. मग आला, कोणत्या ठिकाणी काम करण्याची तयारी आहे. मी वाचलं आणि थांबलो. मला वाटलं तू म्हणशील जळगाव. फार तर धुळे.

तू म्हणालीस, “कुठेही.”

मी ते टाइप केलं.  पण त्या संध्याकाळी मी जेवलो नाही, पोटाचं निमित्त सांगितलं, आणि तू मला जिऱ्याचं पाणी करून दिलंस.

पुढच्या भाद्रपदात वैशालीचा फोन आला. तुझी वैशाली, तुझ्या हाताखाली पीएच.डी. केलेली, धुळ्याला शिकवते ती. दर रविवारी तिचा फोन यायचाच, पण त्या दिवशी ती मधल्या वारी बोलली. ईशान्येकडच्या एका राज्यात केळीच्या रोगमुक्त रोपांसाठी तपासणीची प्रयोगशाळा उभी करायची आहे, दोन वर्षांचं काम आहे, राहायची सोय आहे, मी तुमचं नाव सुचवलंय, ते लोक फोन करतील. तू फोन ठेवलास आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे पाहत राहिलीस. कढईत भाजी जळत होती. तू म्हणालीस, तुम्ही पण याल ना माझ्याबरोबर? मी म्हणालो, बघू. मी जायचं म्हटलं असतं तर जाता आलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी पुन्हा कोणाच्या तरी नोकरीच्या गावी भाड्याच्या खोलीत, हातात पिशवी घेऊन, ‘मॅडमचे मिस्टर’ म्हणून. मला ते नको होतं. मला माझी गच्ची हवी होती आणि त्या गच्चीवर तू.

आठ-दहा दिवसांनी तू फैजपूरकडे गेली होतीस, लीलाधर आबांच्या केळीच्या बागेत मावा कीड पडली होती म्हणून. सकाळची बस धरायच्या घाईत फोन चार्जिंगलाच राहिला. अकराच्या सुमाराला तो वाजला. मी उचलला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, फार अदबीने. मॅडम आहेत का. मी म्हणालो, मी त्यांचा पती. तो म्हणाला, त्यांची तयारी असेल तर आजच कळायला हवं, संध्याकाळी बैठक आहे.

मला म्हणता आलं असतं, त्या चार वाजता येतील. म्हणता आलं असतं, आबांचा नंबर घ्या.

मी म्हणालो, त्यांची तब्येत बरी नसते. त्या आता काम करत नाहीत.

तो म्हणाला, मग नाही समजू का? मी म्हणालो, हो. त्याने आभार मानले. मी फोन ठेवला आणि मग, विमल, मी तो नंबर यादीतून काढून टाकला. मला ते करता येत नव्हतं. मी बसून शोधून काढलं, कसं करायचं ते. रागाच्या भरात तोंडून गेलं असं म्हणायची सोयही मी स्वतःला ठेवली नाही.

संध्याकाळी तू आलीस ती उन्हाने लाल झालेली, पदराला चीक लागलेला. पहिला प्रश्न, फोन आला होता का? मी म्हणालो, नाही.

त्यानंतरचे दोन महिने मला आठवतात ते आवाजाने. फोन वाजला की तू जिथे असशील तिथून येण्याचा आवाज. आंघोळीहून, गच्चीवरून. ‘हॅलो’ म्हणतानाचा तुझा तो जरा सावरलेला सूर. मग हळूहळू येणं कमी झालं. एक दिवस म्हणालीस, कोणीतरी तरुण मिळाला असेल त्यांना. मी म्हणालो, असेल. मग म्हणायला लागलीस, माझं इंग्रजी कच्चं आहे, त्यांना कोणीतरी सांगितलं असेल. एकदा मी दुपारी उठलो तर तू तुझा जुना प्रबंध काढून बसली होतीस आणि पेन्सिलने त्यात चुका शोधत होतीस. मला दाखवलीस एक. म्हणालीस, बघा, हे एवढं मोठं चुकलंय आणि तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. मी पाहिलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी म्हणालो, जाऊ दे ना आता.

वैशालीचे रविवारचे फोनही आटले. तू म्हणायचीस, शिफारस करताना पोरीने हात आखडता घेतला असणार. आणि तिला तू विचारलं नाहीस, कारण तुझा स्वभावच तसा. स्वतःसाठी तू कधी कोणाला दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. मला ते माहीत होतं. माझं खोटं तेवढ्यावरच टिकलं.

मग तू त्या वेबसाइटवरून तुझं नाव काढून घेतलंस. या वेळी चष्मा होता. एकटीनेच काढलंस.

त्यानंतर मी जे केलं ते प्रायश्चित्त होतं असं मी स्वतःला सांगत आलो. पुढच्या खोलीतला सोफा मागे नेला, तिथे टेबल मांडलं, भिंग आणलं, चांगला दिवा आणला. म्हटलं, शेतकरी येतात ते इथे येऊ देत. तुला आश्चर्य वाटलं, पण आवडलं. आणि लोक आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत पानं घेऊन, कोणी अख्खं रोप मुळासकट घेऊन. पहूरचे दोन भाऊ एकाच बागेबद्दल वेगवेगळे यायचे, कारण ते एकमेकांशी बोलत नव्हते, आणि तू दोघांना एकच सल्ला द्यायचीस. स्कूटरवर मागे बसून तू माझ्याबरोबर किती बागा पाहिल्यास. फैजपूर, यावल, पार तापीच्या काठापर्यंत. मी झाडाखाली उभा राहायचो आणि तू ओळीओळीतून आत जायचीस. नुसता पांढरा पदर दिसायचा, मग तोही नाही. थोड्या वेळाने पलीकडून हाक यायची, अहो, इकडे या, हे बघा. मी जायचो. तू पान उलटं करून दाखवायचीस आणि मला खरोखर दिसायला लागलं होतं, विमल. शेवटी शेवटी मी लांबून ओळखायचो, ते रोप बरं नाही.

ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. यासाठीच तुला लिहायला मला इतके दिवस लागले. मला पश्चात्ताप होतो, पण तो पुरता होत नाही. तू गेली असतीस तर ती तीन वर्षं मला मिळाली नसती. तुला दुसरी मिळाली असती. कदाचित जास्त चांगली. मी तुझी घेतली.

तू त्या पुस्तिकेवर बसली होतीस शेवटच्या वर्षात. केळीचे रोग, शेतकऱ्यांसाठी, साध्या मराठीत. भाषा तपासायचं काम माझं. आपलं पहिल्याच पानावर जुंपलं. तू लिहिलं होतंस, ‘रोगट रोप लगेच उपटा.’ मी त्याचं केलं, ‘रोगट रोप त्वरित उपटून टाकावे.’ तू ते खोडलंस. मी म्हणालो, अगं, छापील मजकुराला एक रीत असते. तू म्हणालीस, ‘टाकावे’ म्हटलं की माणूस उद्या टाकतो, ‘उपटा’ म्हणा. दोन दिवस आपण त्यावर बोलत होतो. मी शाळेतला आणि तू बांधावरची. सतराव्या पानापर्यंत आलो होतो. प्रत्येक पानावर तुझं वाक्य, माझी दुरुस्ती आणि त्या दुरुस्तीवर तुझी रेघ. तू बरोबर होतीस. सगळीकडे ‘उपटा’ करून टाकलंय मी.

आता सभेचं सांगतो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहाराच्या सभागृहात ठेवला होता. वंदना झाली. केळी संशोधन केंद्रातले तुझे जुने लोक आले होते, फैजपूरकडून एक गाडी भरून शेतकरी आले होते, कॉलनीतले होते. प्रज्ञा माझ्या शेजारी. आधी तुझ्या केंद्रातले पाटीलसाहेब बोलले. मग वैशाली उठली. किती बारीक झालीय ती. तिने सुरुवात नीट केली आणि मग म्हणाली, “मॅडमना मी एक मोठं काम सुचवलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. मला तेव्हा राग आला होता. आज इथे सगळ्यांना बघून कळतंय, त्यांनी कोणासाठी नाही म्हटलं ते.”  समोर बसलेल्या बायका डोळे पुसायला लागल्या. पेपरातलं ते वाक्य कुठून आलं होतं ते मला तेव्हा कळलं.

बोलणाऱ्यांच्या यादीत मी नव्हतो. नवऱ्याने बोलायचं नसतं म्हणे, त्याला जड जातं. मी उठलो. प्रज्ञाने मला हाताला धरून बसवायला पाहिलं, तिला वाटलं मला चक्कर येतेय. मी पुढे गेलो आणि माइक खाली घेतला, कारण वैशाली उंच आहे.

मी म्हणालो, “विमलने नाही म्हटलं नव्हतं. ती जायला तयार होती. तिच्या फोनवर मी नाही म्हटलं, आणि तिला सांगितलं नाही.”

मग तारीखवार सांगितलं, शाळेत सांगायचो तसं. फोन कधी आला, मी काय बोललो, नंबर कसा काढला. तू दोन महिने कशी वाट पाहिलीस. ते सांगून मी खाली आलो आणि जागेवर बसलो.  पंखा फिरत होता, त्याचं एक पातं जरा वाकडं आहे, ते मला दिसत होतं.  मग संचालन करणाऱ्याने पुढचं नाव पुकारलं, पण तो माणूस उठला नाही, आणि त्यांनी एक मिनिट स्तब्धता जाहीर केली.

बाहेर चपला घालताना लीलाधर आबा जवळ आले. पंच्याऐंशीचे आहेत, काठी घेऊन आले होते. म्हणाले, “सर, ताई तिकडे गेल्या असत्या तर माझा बाग गेला असता. पण तुम्ही चुकले.” मी म्हणालो, हो आबा. ते खांद्यावर हात ठेवतील असं मला वाटलं होतं. ठेवला नाही. गाडीकडे गेले.

वैशाली फाटकाशी उभी होती. तिने मला सांगितलं, तिला त्या लोकांनी कळवलं होतं की मॅडमची तब्येत ठीक नसते. आधी तिला तो बहाणा वाटून राग आला, मग वाटलं, तुला खरंच काहीतरी मोठा आजार आहे आणि तो तुला तिच्यापासून लपवायचा आहे. म्हणून तिने फोन कमी केले, तुला बोलायला लागू नये म्हणून. मग तिने विचारलं, “सर, मॅडम माझ्याबद्दल काय म्हणायच्या?”

तेव्हा मला एक चांगलं खोटं बोलता आलं असतं. ते कोणाला कधी कळलंही नसतं. पण मला आता खोटं बोलायची भीती वाटते. मी म्हणालो, तिला वाटायचं तू शिफारस मनापासून केली नाहीस.

वैशालीने मान खाली घातली. ती फाटकाची कडी वर-खाली करत राहिली. मग म्हणाली, मी एकदा घरी यायला हवं होतं, धुळे काय लांब आहे. आणि ती गेली. मी योग्य केलं का, ते मला माहीत नाही. तू असतीस तर तुला विचारलं असतं.

 घरी आल्यावर प्रज्ञाने कपडे बदलले, चहा टाकला, माझ्यापुढे कप ठेवला. मग ओट्याला टेकून म्हणाली, “बाबा, आई मला त्या वर्षी फोनवर म्हणाली होती, आता माझी कुठे गरज उरली नाही गं. आणि मी तिला म्हटलं होतं, बरंच झालं की, आराम कर.” एवढंच. तिच्या वाट्याला आलेलं हे ओझंही माझंच आहे. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, चहा गार होतोय.

तेव्हापासून ती माझ्याशी धड बोललेली नाही. बोलेल. किंवा नाही बोलणार. फ्रिजवरच्या कागदात शेवटी तिने लिहिलंय, ‘दर दोन दिवसांनी फोन करीन.’ उद्या दोन दिवस होतील.

लोक आता घरी कमी येतात. मला बरं वाटतं असं म्हणत नाही, पण आत काहीतरी होतं ते बाहेर आलं म्हणून जागा रिकामी आहे, इतकं कळतं. तिथे दुःख येईल म्हणतात. मी वाट बघतोय.

एक गोष्ट मी सभेत सांगितली नाही. प्रज्ञालाही नाही, वैशालीलाही नाही. ती आधी तुला सांगायची होती, कारण ती तुझी आहे. त्या दिवशी फोनवर मी नाही म्हणालो, तेव्हा त्या माणसाने लगेच फोन ठेवला नव्हता. तो म्हणाला होता, मॅडमचं काम आम्ही सगळ्यांनी वाचलंय. पुढे महिना-दोन महिन्यांत त्यांना बरं वाटलं तरी कळवा. आमच्याकडे दुसरं नाव नाही.

कोणी तरुण मिळाला नव्हता, विमल. तुझं इंग्रजी कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे दुसरं नावच नव्हतं.